भेगेवरची काच

काच फुटायला हवी होती. तिचं काम तेवढंच होतं.

माझ्या वर्गात, फळ्याच्या डाव्या हाताला, छतापासून खाली उतरलेली एक भेग आहे. माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, त्या भेगेवर काचेची एक आडवी पट्टी बसवली. पट्टीचं एक टोक भेगेच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, आणि दोन्ही टोकांना ओल्या प्लास्टरचा एकेक गोळा. बस्स. ताईचा धंदाच हा, इमारतींची तब्येत बघण्याचा. भिंत जागची हलली नाही तर काच आहे तशी राहते. केसभर जरी सरकली तरी तडकते, कारण काच काही रबरासारखी ताणली जात नाही. यंत्र नको, वीज नको. तिसरीच्या पोरांना हे एका दमात समजलं.

शाळेच्या सचिवांना समजलं नाही. किंवा फारच चांगलं समजलं. यातलं नेमकं काय खरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण दोन्हीपैकी काहीही असलं तरी माझी कानशिलं तापतात आणि

*

आणि तापलेल्या डोक्यानं नीट सांगता येत नाही, म्हणून आधी जागा सांगते.

आमची जुनी शाळा बैठी आहे. एका ओळीत वर्ग, पुढे लांब ओटी, वर कौलं काढून घातलेले पत्रे. तिच्यासमोर मैदानाच्या पलीकडे नवी इमारत उभी आहे. दर्शनी भाग सगळा काचेचा, आणि फरशी अशी की चालताना आपलाच चेहरा खालून आपल्याकडे बघतो. वर्ग तयार आहेत. फळे लागलेत. पंखे एकदा फिरवून बघितलेत. बाकं येऊन पडलीत, प्रत्येक बाकावर प्लॅस्टिकचं वेष्टन.

आणि सगळ्याला कुलूप. उद्घाटन व्हायचंय. ज्या पाहुण्यांच्या हातून फीत कापायची त्यांची तारीख मिळत नाही.

"तोवर बसू द्या ना मुलांना," शिक्षकांच्या बैठकीत मी म्हटलं होतं. "पाहुणे आले की आम्ही टाळ्या वाजवायला उठून उभे राहू."

"मॅडम," सचिव म्हणाले, "मुलं बसली की बाकं वापरलेली दिसतात."

बाकं वापरलेली दिसतात! मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. सगळे चहाच्या कपात बघत होते.

सचिवांना आम्ही चकाचक म्हणतो. पाठीमागे, अर्थात. कारण दुसरा शब्द त्यांच्या तोंडात नाही. मैदान चकाचक हवं, संडास चकाचक हवेत (आत पाणी असो नसो), निकाल चकाचक हवा. जुन्या इमारतीचं नूतनीकरण करायचं ठरलं तेव्हा तिच्या वाट्याला आला तो फक्त रंग. रंगारी आले, त्यांनी भेगेत पुट्टी भरली, वर फिकट पिवळा हात मारला आणि गेले. पोरांच्या डोळ्यांदेखत भेग पुन्हा रंगाबाहेर आली, झोपेतून उठल्यासारखी.

कारण आमच्या मागच्या भिंतीला खेटून नव्या सभागृहाच्या तळघरासाठी खड्डा खोदणं चालू होतं. भलामोठा. बादलीला दात असलेलं ते यंत्र माती उचलायचं तेव्हा माझ्या टेबलावरचे खडू घरंगळायचे. तेव्हा मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, माझ्याच ओळखीनं ताईला बोलावलं. ताईनं बघितलं, काच बसवली आणि सगळ्यांसमोर, चकाचकसमोर, एकच वाक्य सांगितलं. "काच शाबूत आहे तोवर वर्ग भरवा, तडकली की मुलं बाहेर, त्याच क्षणी, मग पाहुणे येवोत की न येवोत." सगळ्यांनी मान डोलावली. चकाचकनं तर

*

तर जरा जास्तच डोलावली.

काच बसवताना काय झालं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

ताई स्टुलावर. खाली माझी पोरं माना वर करून. सगळ्यांत पुढे जी उभी होती तिला शिक्षकखोलीत आम्ही चौकशी खिडकी म्हणतो, कारण तिचे प्रश्न संपत नाहीत.

"हे पीठ आहे?"

"प्लास्टर आहे," ताई म्हणाली.

"ओलं आहे?"

"आहे. थोड्या वेळानं दगड होईल."

"थोड्या वेळानं म्हणजे आत्ता नाही ना?"

ताई हसली. माझी बहीण कामावर असताना हसत नाही, पण हसली. तिनं त्या पोरीला कडेवर उचलून घेतलं आणि म्हणाली, "दाब अंगठा. इथे, गोळ्यावर. काचेला लावायचा नाही."

तिनं दाबला. आणि प्लास्टर खरंच दगड झालं. इवलासा अंगठा, मधोमध खळगा, सगळ्या रेघा स्पष्ट. पुढे कितीतरी दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायची. बाप न्यायला आला की त्याला हाताला धरून आत आणायची. "बघ, माझा." तोही बिचारा दर वेळी नव्यानं बघायचा. मग नवलाई ओसरली आणि दाखवणं थांबलं.

ताई अधूनमधून यायची, खालूनच काच बघायची. शाबूत. अहवालात लिहायची: भेग स्थिर. मला म्हणायची, "बारके, तुझी भिंत शहाणी निघाली." मलाही बरं वाटायचं. खडू घरंगळायचे, पंख्याचा दांडा करकरायचा, पण काच शाबूत म्हणजे भिंत शाबूत. मी त्या काचेवर विश्वास ठेवून त्या भिंतीलगत मुलांची रांग बसवत होते, रोज, आणि एका सकाळी हजेरी घेताना

*

"बाई, माझा अंगठा नाहीये."

"हाताला आहे ना? मग पुस्तक काढ."

वर्ग हसला. ती हसली नाही.

"भिंतीवरचा."

"असेल तिथेच. नीट बघ."

"नीटच बघितलं. गुळगुळीत झालाय."

मी हजेरी खाली ठेवून गेले ती तिला गप्प करायला. स्टूल ओढलं, वर चढले.

काच होती. शाबूत, स्वच्छ. तिच्या टोकांना प्लास्टरचे गोळे होते. दोन्ही गुळगुळीत. सुरीनं कडा कापून चौकोनी केलेले. कुणीतरी फार जीव लावून केलेलं काम. अंगठा कुठेच नव्हता.

वाळलेल्या प्लास्टरमधला अंगठा झिजत नाही. पुसला जात नाही. तो जायचा एकच मार्ग आहे, तो गोळाच काढून टाकणं. आणि काच चांगली असताना गोळा कोण काढेल?

"बाई, सापडला?" खालून आवाज.

मी स्टुलावरून उतरले. माझे पाय

*

पाय मला थेट पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले. तिथल्या खोलीत मामा असतात. आमचे शिपाई. घंटा, किल्ल्या, खडू, पोरांचे खरचटलेले गुडघे, सगळं त्यांच्याकडे.

"मामा, माझ्या वर्गातली काच बदलली?"

मामांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. इतक्या दिवसांत कुणीतरी त्यांच्या कामाची दखल घेतली होती.

"बदलली तर! ओळखू येते का सांगा?"

"का बदलली?"

"तडकली होती ना."

"कधी?"

"आत्ताची मागच्या आठवड्यात. त्याच्या आधीच्या आधी."

"आधीच्या? म्हणजे किती वेळा, मामा?"

"मोजतंय कोण, बाई. तडकली की बदलतो. काचवाला आता मला बघितलं की न विचारता पट्टी कापायला घेतो." मग जरा आवाज खाली आणून, "पहिल्यांदा जाडी चुकली होती. मग मी जुना तुकडा घेऊन गेलो. आता अगदी डिट्टो."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सचिवसाहेबांनी. फेरीला आले होते. म्हणाले, शाळेत एकही फुटकी काच दिसता कामा नये. मी म्हटलं, खिडक्यांच्या ना? आणि ती भिंतीवरची? ती पण? तर म्हणाले, मामा, काच ती काच. सगळ्या."

मी खाली बसले. तिथेच, ओल्या फरशीवर.

"काय झालं, बाई? चुकलं काही?"

"तडकलेल्या कुठे टाकल्या?"

"टाकीन कशाला? पोरं अनवाणी धावतात." त्यांनी फळीवरून खडूचा डबा काढून माझ्या हातात दिला. जड होता. आत काचेचे तुकडे होते, काहींच्या टोकांना अजून प्लास्टर चिकटलेलं. सगळ्यांत खालच्या तुकड्याला जो गोळा चिकटला होता, त्यात एक इवलासा

*

हो. तोच.

चकाचक साहेब, इथे मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही माझ्यासमोर नसताना, म्हणजे तुम्हाला मध्येच फोन येणार नाही. धोक्याची खूण दिसली की माणूस धोक्याकडे बघतो. तुम्ही खुणेकडे बघितलंत आणि तुम्हाला ती घाणेरडी वाटली. तुमच्या जागी एखादा लबाड माणूस असता तर त्यानं निदान कुणाला कळणार नाही अशी जागा शोधली असती, कुजबुजला असता, घाबरला असता. तुम्ही उजेडात, फेरीवर, चारचौघांत सांगितलंत आणि एका भल्या माणसाच्या हातून करवून घेतलंत, तेही इतक्या सुबक हातानं की माझ्या बहिणीच्या डोळ्यांना कळलं नाही. भिंत बिचारी पुन्हा पुन्हा ओरडत होती आणि आम्ही दर वेळी तिचं तोंड पुसून

*

मी ताईला फोन लावला.

"काच तडकली होती. बऱ्याचदा. मामा बदलत होते."

मागे कुठेतरी हातोडी चालू होती.

"मी लिहिलं, भेग स्थिर," ताई म्हणाली. "माझी सही आहे त्याच्याखाली." मग एकदम, "मुलं कुठे आहेत?"

"वर्गात."

"का?"

एवढंच. का? लहानपणी मी गॅस चालू ठेवून खेळायला गेले होते तेव्हाही तिनं याच आवाजात विचारलं होतं.

मी धावले. धावताना ओरडायचं नाही एवढं भान होतं. दारात उभी राहून म्हटलं, "दप्तरं राहू द्या. उठा. रांग नको. चला."

"डबा घेऊ?"

"नको."

"चप्पल?"

"चल म्हटलं ना!"

मैदानात आल्यावर मात्र कळेना, पुढे काय? ऊन तापलं होतं. समोर नवी इमारत लखलखत होती. मागून मामा आले. डबा माझ्याकडे राहिला होता, त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. त्यांना आता कळलं होतं. ते ज्या तऱ्हेनं चालत होते त्यावरून दिसत होतं.

"उघडा, मामा."

"साहेबांची परवानगी..."

"मी घेईन नंतर."

मग त्यांनी किल्ली निवडायला सुरुवात केली आणि त्यांच्या बोटांना ती लवकर

*

"बाई, हे कुणाचं लग्न आहे?"

"येडा, शाळा आहे ही."

"मग बाकांना रेनकोट का घातलाय?"

"घसरतंय! बाई, हा मुद्दाम घसरतोय!"

"बाई, प्लॅस्टिक काढू?"

"बाई, खाली माझ्यासारखी एक मुलगी उलटी उभी आहे."

"बाई, इथली भिंत दाबून बघू? ओली आहे का?"

"बाई, साहेब आले."

*

साहेब आले. दारात उभे राहून त्यांनी आधी फरशीकडे बघितलं. मग फरशीवरच्या पावलांकडे. मग माझ्याकडे.

"मॅडम, हे काय आहे?"

"तिसरीचा वर्ग."

"प्लॅस्टिक कुणी काढलं?"

मी खडूचा डबा त्यांच्यासमोरच्या नव्या कोऱ्या टेबलावर उपडा केला. काचा सांडल्या. टेबलावर ओरखडे उठले असतील. उठू देत.

"ही भिंत पुन्हा पुन्हा सरकलीय. दर वेळी तुम्ही काच बदलायला लावलीत."

त्यांनी तुकड्यांकडे बघितलं. घाम नाही, गोंधळ नाही. मोठे सर तोवर धापा टाकत येऊन पोचले होते, त्यांच्याकडे वळून ते म्हणाले, "मामांनी परस्पर असं काही करायला नको होतं."

मामा माझ्या शेजारी उभे होते. त्यांचे हात मागे गेले, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"परस्पर?" मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंत त्यांना. काच ती काच."

"मी खिडक्यांबद्दल बोललो."

"ती पण का, असं त्यांनी विचारलं होतं."

"मला असलं काही आठवत नाही. आणि मॅडम, काचेला चेंडू लागला असेल. मुलं आहेत. काच तडकायला भिंतच सरकायला हवी असं कुठे आहे? ती इमारत तुमच्या-आमच्या आधीपासून उभी आहे. वर आत्ताच रंग दिलाय."

रंग दिलाय! मला शपथेवर सांगा, या माणसाच्या पाठीत दुखलं तर तो नवा शर्ट घालून बरा होतो का?

मोठे सर म्हणाले, "दोघांनी जरा शांतपणे..."

"सर, तुम्ही शांत राहिलात म्हणून आपण इथे आलोय," मी म्हटलं. नोकरीत पहिल्यांदाच वरिष्ठांशी असं बोलले. जीभ कापली नाही. आभाळही कोसळलं नाही. कोसळण्यासारखं जे होतं ते मैदानाच्या पलीकडे होतं.

शाळा सुटायच्या वेळेला पालक फाटकाशी जमतात. त्या दिवशी ते फाटकाशी थांबले नाहीत. पोरांनी खिडकीतून हाका मारल्या आणि पालक आत आले, त्या फरशीवर, सगळ्यांच्या चपलांसकट. चकाचक एकदा "अहो, पायपुसणं" असं म्हणाले. पालकांच्या पाठोपाठ आली ताई. हातात वाडगं. वाडग्यात

*

वाडग्यात ओलं प्लास्टर.

"चेंडू लागतो म्हणालात ना?" ताई म्हणाली. तिला सगळं फोनवर सांगून झालं होतं. "चला. नवी काच लावते. खोलीला कुलूप, किल्ली माझ्याजवळ. आत ना मूल, ना चेंडू. मागे यंत्र चालू द्या, थांबवायचं नाही. फुटली तर भिंतीनं फोडली."

"लावा की," चकाचक म्हणाले. "माझा भरवसा आहे त्या इमारतीवर."

"मग अंगठा द्या."

"काय?"

"इथे. ओल्यावर. काच कुणी बदलली तर तुमचा अंगठा जाईल. नाही गेला, तर काच तीच."

सगळे आमच्या जुन्या वर्गाच्या दारात उभे होते. आत फक्त ताई आणि तो माणूस. त्यांनी एकदा छताकडे बघितलं. मी शपथेवर सांगते, बघितलं. भरवसा असलेला माणूस असा वर बघत नाही. पण मागे पालक होते, चौकशी खिडकी बापाच्या खांद्यावर बसून मान उंच करून बघत होती, आणि ती मोठ्यानं म्हणाली, "घाबरू नका साहेब. गार लागतं, दुखत नाही."

त्यांनी अंगठा दाबला. खिशातला रुमाल काढून पुसला. पांढरं नखात राहिलं.

ताईनं कुलूप घातलं. यंत्र आपलं काम करत राहिलं. माझा वर्ग नव्या खोलीत भरत राहिला, विनापरवानगी. बाकीचे वर्ग काच फुटेपर्यंत हलणार नाहीत, असं चकाचकनं बजावलं होतं. मला नोटीस आली, तिच्यात बाकांचा उल्लेख होता आणि मुलांचा नव्हता. आणि मग एका सकाळी सगळे पुन्हा त्या दारात जमलो आणि ताईनं कुलूप काढलं.

काच तडकली होती. मधून सरळ, भेगेच्याच रेषेत. दोन्ही गोळे जागच्या जागी. एकावर चकाचकचा अंगठा, रुंद, सगळ्या रेघा स्पष्ट.

आपण बरोबर होतो याचा आनंद होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. मी त्या भिंतीलगतची रांग मोजत होते, मनात, एकेका पोराच्या डोक्यावरून.

चकाचक खाकरले. "ठीक आहे," ते म्हणाले. "मॅडमचा वर्ग हलवू. नव्या इमारतीत एक खोली देऊ, मागच्या बाजूची. मोठे सर, करून टाका." मग मामांकडे वळून, हलक्या आवाजात, "आणि हे काढून घ्या. अंगठा वगैरे. बरं दिसत नाही."

"माझा वर्ग?" मी म्हटलं. "फक्त माझा?"

"तुमच्याच भिंतीची तक्रार होती ना?"

भिंतीच्या पलीकडून दुसरीच्या पोरांचा आवाज येत होता. पाढे. एका सुरात, शेवटचा आकडा लांबवत. तीच भिंत. तिची दुसरी बाजू. तिकडे भेगेसमोर कपाट उभं केलंय, म्हणून तिकडे भेग नाही.

मी बोलायला तोंड उघडलं. ताईनंही. पण आमच्या दोघींच्या आधी मामा हलले. हातात खरवडायची सुरी होती, चकाचकनं सांगितल्याबरोबर खिशातून बाहेर आलेली, सवयीनं. त्यांनी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. साहेबांच्या समोरून ते ओटीवर गेले.

"मामा, इकडे!" चकाचक म्हणाले.

मामा इकडे आले नाहीत. ते घंटेपाशी गेले. मधल्या सुट्टीला अवकाश होता, शाळा सुटायला तर फारच. त्यांनी हातोडा उचलला आणि घंटा बडवायला घेतली, सुट्टीची नव्हे, तासाची नव्हे, थांबणार नाही अशी, आणि पाढे मध्येच तुटले, आणि एकापाठोपाठ एक सगळ्या वर्गांची दारं उघडली, आणि पोरं दप्तरांशिवाय मैदानात सांडली, लखलखत्या फरशीकडे धावत, धुळीच्या पायांनी.

चकाचक माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी उजवा हात खिशात घातला होता.

"फरशी," ते म्हणाले.